दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा फोन

‘प्लग लावलाय का?’ असं गिऱ्हाइकाला कधीही विचारायचं नाही. नोकरीत शिकलेला हा माझा पहिला धडा, आणि तो कुठल्याही ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवला नव्हता. एका गृहस्थांना मी सरळ तसं विचारलं, तर ते म्हणाले, “मॅडम, मी इंजिनियर आहे,” आणि त्यांनी फोन आपटला. प्लग खरंच लावलेला नव्हता, हे नंतर कळलं. तेव्हापासून मी म्हणायला लागले, “असं करा, प्लग एकदा काढा, पिनांवर फुंकर मारा, धूळ बसते हो फार, आणि परत घट्ट लावा.” पलीकडे खुडबुड. मग एकदम खुशीतला आवाज, “झालं झालं, चालू झालं! धूळच होती!” मी म्हणायचे, “बघा, मी म्हटलं नव्हतं?” माणसाची अब्रूही राहायची आणि कॉम्प्युटरही चालू व्हायचा.

ठाण्याला माजिवड्याच्या अलीकडे आमची कंपनी होती. कॉम्प्युटर बनवणारी, मोठी, दिल्लीपासून मद्रासपर्यंत शाखा असलेली. नाव सांगत नाही, कारण पुढे मी तिचे नियम मोडलेले तुम्हाला दिसणार आहेत. मी सपोर्टला होते. म्हणजे काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. त्या शेजारणीला सांगायच्या, “सूनबाई फोन घेते.” तसं खोटं काही नव्हतं. गिऱ्हाइकाचं मशीन बिघडलं की त्याने आम्हाला फोन करायचा. आम्ही विचारत विचारत बिघाड शोधायचा, जमलं तर फोनवरच दुरुस्त करायचा, नाही जमलं तर बॅगवाला इंजिनियर पाठवायचा. मशीन दिसत नाही, माणूस दिसत नाही, फक्त आवाज. त्या आवाजावरून मला कळायचं की हा घाबरलाय, हा खोटं बोलतोय, आणि याने आपल्या हाताने काहीतरी उपद्व्याप करून ठेवलाय. नवरा म्हणायचा, तू घरात पण अशीच बोलतेस, आधी चौकशी, मग उपाय. म्हटलं, तुझा बिघाड मला फोनवरच कळतो, मशीन उघडायची गरज पडत नाही.

आमच्याकडे माझं एक वाक्य प्रसिद्ध होतं. कुणीही काहीही सांगू दे, मशीन जरा चालतंय असं कळलं की मी ओरडायचे, “आधी सेव्ह करा!” म्हणजे जे काही लिहिलंय ते आधी मशीनमध्ये जपून ठेवा, बाकी सगळं नंतर. कल्याण-डोंबिवलीला लाईट कधी जाईल नेम नसायचा. माणसं दिवसभर टाइप करायची, लाईट जायची, की सगळं पुसलं. मी इतकी ओरडायचे की ऑफिसातल्या मुली माझ्यामागे नक्कल करायच्या. करू देत. माझं ओरडणं ज्यांनी ऐकलं त्यांचं वाचलं.

ठाकुर्लीचे एक वकील होते. त्यांचं मशीन रोज सकाळी छान चालू व्हायचं आणि थोड्या वेळाने आपोआप बंद पडायचं. इंजिनियर जाऊन आला, पार्ट बदलून आला, तरी तेच. शेवटी मी म्हटलं, “वकीलसाहेब, मशीनकडे बघा आणि काय काय दिसतंय ते मला नुसतं सांगत जा.” ते सांगायला लागले, “टेबल आहे. खिडकी आहे. मशीनला कव्हर आहे.” “कव्हर काढलंय ना?” “काढायचं कशाला? मिसेसने बटणासाठी पुढे भोक ठेवलंय.” मी कपाळाला हात लावला. आपल्याकडे टीव्हीला कव्हर, फ्रिजला कव्हर, रेडिओला तर झालर. पण ते मशीन मखमलीच्या दुलईत बसून काम करत होतं बिचारं! इंजिनियर गेला की कव्हर कौतुकाने बाजूला व्हायचं, तो निघाला की परत चढायचं. मी काढायला सांगितलं तर मिसेस फोनवर आल्या आणि रडवेल्या आवाजात म्हणाल्या, “मोर भरलेत हो मी त्याच्यावर.” मग मी तडजोड काढली. मोर फक्त रात्री.

हसू येतं, पण खरं सांगू? मला त्याचं फार अप्रूप वाटायचं. ज्या वस्तूला आम्ही इन्व्हेंटरीत नुसता नंबर द्यायचो, तिला लोकांनी घरातलं माणूस करून टाकलं होतं. आंबिवलीच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागायच्या, आणि आत मॅनेजर रोज मशीनला उदबत्ती ओवाळायचे. तो धूर पंख्यातून आत ओढला जायचा. किती सांगितलं, तरी त्यांनी उदबत्ती सोडली नाही. फक्त ब्रँड बदलला, कमी धुराचा.

आणि म्हणूनच दसऱ्याचा दुसरा दिवस म्हणजे आमचा शिमगा. दसऱ्याला आपण हत्यारं पुजतो, वह्या-पुस्तकं पुजतो, गाड्यांना हार घालतो. कॉम्प्युटर आला तसा तोही पाटावर बसला. फ्लॉपीच्या फटीत हळद, की-बोर्डमध्ये कुंकू, पंख्याच्या जाळीतून आत गेलेल्या अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, नैवेद्याच्या वासाने आलेल्या मुंग्या. दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधीपासून फोन वाजत असायचे. सगळ्यांचं सुरुवातीचं वाक्य एकच, “आम्ही काहीसुद्धा केलं नाही.” मी विचारायचे, “नारळ कुठे फोडला?”

त्या वर्षीच्या दसऱ्यानंतरचा हा फोन. नव्वदचं दशक नुकतं लागलेलं. पलीकडे एक वयस्कर, शुद्ध बोलणारा आवाज. “मी निवृत्त प्राथमिक शिक्षक बोलतोय. मला सगळे गुरुजी म्हणतात. नारळ मशीनसमोर फोडला, आणि पाणी आत गेलं.” न विचारता खरं सांगणारा हा पहिलाच, त्यामुळे मी जरा सरसावून बसले.

गुरुजींचं गाव डोंबिवलीच्या पलीकडचं, जुनं आगरी गाव. शेती गेली, मिठागरं गेली, चहूबाजूंनी बिल्डिंगी आल्या आणि मध्ये गाव उरलं. त्यांच्या मुलाच्या ऑफिसातून आमचं एक जुनं मशीन मोडीत निघालं होतं. ते मुलाने घरी आणलं, त्यात मराठी टाइप करायचं कार्ड बसवून घेतलं. कशासाठी, तर गुरुजींची आई धवलारीण होती.

हे मला गुरुजींनीच समजावलं. आगरी लग्नात भटजी असतो तशी धवलारीण लागते. हळद लावण्यापासून नवरी उंबरा ओलांडेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. धवलारीण गात नाही तोवर तो विधी पुढे सरकत नाही. हे सगळं तोंडपाठ, सासूकडून सुनेकडे आलेलं. “आईनंतर कुणाला सगळं येत नाही,” गुरुजी म्हणाले. “म्हणून तिच्या खाटेशेजारीच मशीन मांडलं. ती गायची, मी टाइप करायचो. सगळे धवले झाले. शेवटचा सांगता सांगता तिला झटका आला. वाचा गेली. वर्ष होत आलं, एक शब्द बोलत नाही. आता माझ्या नातीचं लग्न ठरलंय, तुळशीच्या लग्नानंतर. आई गाऊ शकत नाही. जे काही आहे ते या पेटीत आहे, आणि पेटी उघडत नाहीये.”

मी नेहमीचा प्रश्न विचारला, “फ्लॉपीवर कॉपी काढून ठेवली असेल ना?”

“काढली होती. एकाच्या दोन काढल्या होत्या. पण मॅडम, ती आमची सरस्वती. तिला पूजेतून वगळणार कसं? पुस्तकं मांडतो तशा दोन्ही फ्लॉप्या मशीनच्या पुढ्यातच मांडल्या होत्या. सगळंच भिजलं.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. निष्काळजी माणसाची कॉपी जाते, हे मी रोज बघत होते. पण या माणसाने अतिशय काळजीने, अतिशय भक्तीने, जे जे मोलाचं होतं ते सगळं एका पाटावर ठेवलं होतं. त्यांना रागवायचं तरी कशावरून?

आमच्या साहेबांचा नियम साधा होता. कॉन्ट्रॅक्ट नाही तर कॉल नाही. मोडीत काढलेल्या मशीनला कसलं कॉन्ट्रॅक्ट! इंजिनियर पाठवणं शक्यच नव्हतं. मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, “गुरुजी, मशीन चालू करून बघताय का सारखं?” “हो.” “ते आधी बंद करा. प्लग काढा. आता तुम्ही मशीनपाशी बसा आणि फोनवर दुसऱ्या कुणाला तरी उभं करा.”

कारण फोन होता गल्लीच्या तोंडाशी वाण्याच्या दुकानात, आणि मशीन गल्लीच्या पार आतल्या घरात.

फोनवर त्यांची सून आली, मंदा. “म्याडम, हितून घर दिसत नाय. गल्ली वलते. मी वराडले तरी पोचनार नाय.” मी म्हटलं, मग काय करायचं? ती म्हणाली, “थांबा.” आणि तिने हाका मारायला सुरुवात केली. मशीन बंद पडल्यापासून अख्खी गल्ली तशीही बाहेरच होती. ऐन दसऱ्याला सरस्वती रुसली म्हणून बायका कुजबुजत होत्या. मंदाने त्यांना वळणावळणावर उभं केलं. एक वळणावर, एक ओट्यावर, एक गुरुजींच्या खिडकीत.

मग जे सुरू झालं तसं मी उभ्या नोकरीत पुन्हा ऐकलं नाही. मी म्हणायचे, “मागचे स्क्रू काढा.” मंदा म्हणायची, “मागचे इसकुरू काढा!” मग एक भरड आवाज, मग एक पातळ, मग एक इतका लांबचा की नुसती चाहूल. माझं वाक्य त्या गल्लीतून चालत गेलेलं मला ऐकू यायचं. आणि मग उत्तर उलट्या वाटेने चालत यायचं, लांबून जवळ, शेवटी मंदाच्या तोंडी, “काढले बोलतान.” ज्या बायांनी त्या पेटीला कधी हात लावला नव्हता, त्या माझी जीभ आणि गुरुजींचे कान झाल्या होत्या, आणि एकीनेही मध्ये आपलं शहाणपण घातलं नाही. आमच्या ऑफिसात दोन टेबलांच्या मध्ये निरोप बदलतो हो!

आतून अक्षता निघाल्या, झेंडू निघाला. मशीनच्या आतली कार्डं, म्हणजे पार्ट जोडलेल्या पाट्या, चिकट झाली होती. नारळाचं पाणी वाळलं की चिकटतं आणि धातू खातं. मी सांगितलं, कार्डं काढा, इंजेक्शनआधी लावतात ते स्पिरिट आणून पुसा, आणि कार्डाच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या घासा. तुम्हाला गंमत वाटेल, पण लाखांच्या मशीनवर आमचे इंजिनियरही खोडरबरच फिरवायचे. शाळामास्तरांच्या घरी खोडरबराला काय तोटा! मग ती कार्डं सुपात घालून ओट्यावर, सावलीत, वाऱ्याला ठेवायची. मंदाने विचारलं, “कावल्यांना राखायला कोन बसवू?” पापडच वाळत घातले होते जणू.

दुपारी फोन परत आला. साखळी परत उभी राहिली. कार्डं बसवली, मशीन चालू केलं. पडदा उजळला. मराठी अक्षरं डिस्क चालू झाल्यावरच येणार होती, पण उजळला. मात्र हार्ड डिस्क बोलेना. हार्ड डिस्क म्हणजे ज्या तबकडीवर सगळं साठवलेलं असतं ती. चालू झाली की ती फिरते आणि घुरघुरते. मी सांगितलं, गुरुजींना कान लावायला सांगा. निरोप गेला, निरोप आला. “गप हाय बोलतान.”

जुन्या डिस्कचं असं व्हायचं. तबकडी आत चिकटून बसायची. त्याला एकच उपाय होता, आणि तो पुस्तकात नव्हता. डिस्क खोक्यातून बाहेर घ्यायची, वायरी तशाच ठेवायच्या, हातात आडवी धरायची, आणि मशीन चालू होताच मनगटाने एक हलकासा गोल झटका द्यायचा. कमी पडला तर ती फिरत नाही. जास्त झाला तर आतली सुई तबकडीवर ओरखडा काढते आणि सगळं संपतं. आमच्याकडचे पोरगे-इंजिनियर हे करताना घाम पुसायचे.

मी मंदाला म्हटलं, “गुरुजींना हे नीट सांग. चुकलं तर धवले गेले. नको असेल तर नको म्हणा, मी समजेन.” वाण्याच्या दुकानात कुणीतरी साखर मागत होतं ते ऐकू येत होतं. मग उत्तर आलं. “करा बोलतान. पन त्यांचा हात थरथरतय.”

मला एकदम सुचलं. “मंदा, तुमच्यात अजून जात्यावर कोण दळतं?”

“ही काय, सखूबाय! लग्नाचा पीठ तीच काढनार हाय.” भरड आवाजाची ती सखूबाय.

“तिला पाठव. तिला सांग, भरल्या जात्याला सुरुवातीचा झटका देतो ना, अगदी हलका, नुसतं जातं जागं करायला, तसा द्यायचा. तेवढाच.”

सखूबाय गेली. तिच्या जागी दुसरी उभी राहिली. तेवढ्यात आमचे साहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले. “कुठला कॉल आहे हा? कॉन्ट्रॅक्ट नंबर काय?” मी तोंडावर बोट ठेवलं. साहेबांच्या तोंडावर नाही, माझ्याच, पण त्यांना कळलं. त्यांनी शेजारच्या टेबलावरचा जोडफोन उचलून कानाला लावला. मी सकाळपासून मनातल्या मनात देव पाण्यात ठेवले होते.

मग लांबून गलका आला. तो वळत वळत जवळ आला, आणि मंदा फोनमध्ये किंचाळली, “घुरघुरली! म्याडम, घुरघुरली!”

माझा जीव भांड्यात पडला. पण सपोर्टवाल्याने लगेच नाचायचं नसतं. फाइल उघडते की नाही, पूर्ण आहे की नाही, ते बघायचं. मी म्हटलं, “गुरुजींना सांग, धवल्यांची फाइल उघडा, अगदी शेवटी जा, आणि शेवटची ओळ मला वाचून दाखवा.”

निरोप गेला. परतीचा यायला लागला तो मला आधी कळेचना. बोलणं नव्हतं ते. खिडकीतल्या बाईने ओळ ऐकली आणि ती गायला लागली. ओट्यावरची तिच्यात मिसळली, मग वळणावरची. मंदाने फोन तोंडापासून लांब धरला आणि म्हणाली, “धवला बोलत नसतान म्याडम. गातान.” आणि तिनेही ती ओळ गायली:

“उंबरा वलांडलास बाय, मागं वलून बघ…”

आणि सगळ्याजणी थांबल्या. कारण ओळ तिथेच थांबली होती. तिथेच म्हातारीला झटका आला होता. पुढचं अर्धं फाइलमध्ये नव्हतं, आणि गल्लीत कुणालाच येत नव्हतं. मी म्हणणार होते, ठीक आहे, फाइल शाबूत आहे, उद्याच तिच्या दोन कॉप्या काढा आणि वेगवेगळ्या घरांत ठेवा.

तेवढ्यात पार आतून, साखळीच्याही पलीकडून, एक आवाज आला. जुना, फाटका, सुरात. मला शब्द कळले नाहीत. मंदाच्या हातून फोन दुकानाच्या फळीवर पडला, मग तिने तो उचलला. “म्याडम… आयस गाते. आमची आयस गाते.”

वर्षभर ‘पाणी’ म्हणता न येणारी म्हातारी खाटेवरून गात होती. पुढे एका डॉक्टरांनी मला सांगितलं, की असं होतं कधीकधी, बोलणं मेंदूत एकीकडे असतं आणि गाणं दुसरीकडे, एक गेलं तरी दुसरं राहतं. असेलही. मला तेव्हा ते कुठे माहीत होतं? एखादं देऊळ अचानक बोलावं तसं वाटलं मला. साहेबांकडे बघितलं, तर ते फोन कानाला धरून भिंतीकडे तोंड करून उभे होते.

म्हातारीचं अर्धं वाक्य त्या साखळीतून बायकांनी गात गात माझ्यापर्यंत आणलं, आणि मग मला कळलं:

“दिवा तुजे नावाचा जलतय गो अजून.”

गल्लीत रडारड सुरू झाली. मंदा रडत होती, वाणी नाक पुसत होता, माझ्याही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. आणि अचानक माझं घड्याळाकडे लक्ष गेलं. दुपार टळत आली होती, डोंबिवलीची लाईट, आणि गुरुजी नक्की हात जोडून आईकडे बघत बसले असणार.

“मंदा! गुरुजींनी ती ओळ टाइप केली?”

निरोप गेला. आला. “केली बोलतान. पन त्यांना दिसत नाय म्याडम, डोले भरलेत.”

मी अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल अशी ओरडले, “त्यांना सांग, आधी सेव्ह करा! मग रडा!”

“आधी सेव करा, मंग रडा!” मंदा हुंदक्यातच ओरडली. वळणावरचीने तेच सांगितलं, ओट्यावरचीने सांगितलं, आणि माझं ते जन्मभराचं वाक्य रडक्या आवाजांतून गल्लीच्या आत आत जात राहिलं. साहेबांनीही फोन ठेवला नव्हता. मग ते परत आलं, लांबून, एकेका तोंडातून, माझ्या कानापर्यंत.

“केला बोलतान.”